पारदर्शक किरमिजी जलरंग: ट्यूब निवडण्यापासून डाळिंबाच्या दाण्यापर्यंत

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या प्रत्येकाच्या रंगपेटीत क्रिमसन लेक नावाची एक ट्यूब असायचीच. संकल्पचित्राची किनार असो की स्थिरचित्रातला टोमॅटो, लाल म्हटलं की हात तिच्याकडे जायचा आणि पेटीतली पहिली रिकामी होणारी ट्यूबही बहुधा तीच. पुढे हौसेनं किंवा व्यवसाय म्हणून जलरंगाकडे वळलात, की या किरमिजी रंगाची नीट ओळख करून घ्यावी लागते. पेटीत त्याच्याइतका उपयोगी रंग क्वचितच असतो, आणि त्याच्याइतका दगा देणाराही. एकाच नावानं विकल्या जाणाऱ्या दोन ट्यूबांपैकी एकीतला रंग भिंतीवर वर्षानुवर्षं तसाच राहतो, तर दुसरीतला थोड्याच उन्हात फिका पडून ओळखू येईनासा होतो.

नाशिकमध्ये चित्रं काढणाऱ्याला तर हा रंग जागोजागी लागतो. मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणवल्या गेलेल्या या गावातले गुलाब, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातलं डाळिंब, निफाड-दिंडोरीची काळी द्राक्षं, लासलगावचा लाल कांदा, येवल्याची पैठणी, एवढंच काय, काळाराम मंदिराच्या काळ्या दगडातसुद्धा किरमिजीचं काम आहे. ते कसं, हे पुढे येईलच. माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगता येतं. हा रंग नावावर विसंबून घेऊ नका, पिगमेंटचा कोड वाचून घ्या. आणि घेतल्यावर तो जाड लावू नका, पातळ थरांनी चढवा. बाकी सगळं या दोन गोष्टी नीट कशा करायच्या त्याबद्दल आहे.

ट्यूबवर काय वाचायचं

आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत एक कोड छापलेला असतो: पी, मग आर किंवा व्ही, आणि पुढे आकडा. पी म्हणजे पिगमेंट, आर म्हणजे रेड, व्ही म्हणजे व्हायोलेट. आकडा कलर इंडेक्स या जगभर चालणाऱ्या यादीतला असतो. कंपनी रंगाला कितीही सुंदर नाव देवो, ट्यूबमध्ये खरोखर काय भरलंय ते हा कोड सांगतो. दुकानात चष्मा लागत असेल तर चष्मा लावा, पण तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. विद्यार्थी दर्जाच्या अनेक ट्यूबांवर कोड नसतो. असा रंग सरावाला चालेल, पण विकायच्या किंवा भेट द्यायच्या चित्रात नको.

या रंगाच्या घराण्यात सगळ्यात जुना आणि सगळ्यात प्रसिद्ध कोड म्हणजे पीआर ८३, अर्थात अलिझरिन क्रिमसन. मॅडर नावाच्या वनस्पतीच्या मुळातून पूर्वी हा लाल काढत. आपली मंजिष्ठा ही तिचीच सख्खी नातेवाईक. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मुळातलं अलिझरिन हे द्रव्य प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. वनस्पतीतला रंग माणसानं हुबेहूब तयार करण्याची ती पहिलीच वेळ. मॅडरची शेती त्यानंतर काही वर्षांतच बसली. हे द्रव्य मुळात कापड रंगवायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारावर बसवून त्याची न विरघळणारी पूड केली, की त्याचा चित्रकाराच्या कामाचा रंग होतो. अशा पुडीला लेक म्हणतात, म्हणून क्रिमसन लेक.

पीआर ८३ दिसायला अप्रतिम आहे. गडद, थंड, निळसर झाक असलेला, आणि काचेसारखा पारदर्शक. त्याचा दोष उजेडात दिसतो. जाड थरात तो बराच काळ तग धरतो, पण पातळ वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाणी घालून पसरलेल्या थरात, उडतो. जाड थरात वरचे कण खालच्यांना झाकतात, पातळ वॉशमध्ये मात्र प्रत्येक कण उघडा पडतो. आता जलरंग म्हणजे मुळात पातळ वॉशचंच काम. म्हणजे ज्या माध्यमात हा रंग सगळ्यात सुंदर दिसतो, त्याच माध्यमात तो सगळ्यात लवकर जातो. रेखाटनवहीत तो खुशाल वापरा, कारण वही मिटलेली असते. भिंतीवर लावायच्या चित्रात वापरू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

कारमाइन नावाखाली एनआर ४ (एन म्हणजे नॅचरल) असा कोड दिसला तर तो कोचिनील किड्यापासून काढलेला रंग. तोही उजेडात टिकत नाही.

मग घ्यायचं काय? मला विचाराल तर पहिली ट्यूब पीव्ही १९ ची. हा क्विनाक्रिडोन घराण्यातला रंग. या घराण्याचं व्यापारी उत्पादन ड्यूपॉंट कंपनीनं १९५८ मध्ये सुरू केलं आणि चित्रकारांची किरमिजीबाबतची मोठी चिंता मिटली. पीव्ही १९ पारदर्शक आहे, उजेडात टिकतो आणि मिश्रणात स्वच्छ राहतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: याची दोन रूपं आहेत, एक गुलाबीकडे झुकणारं आणि एक जांभळ्याकडे. दोघांवर कोड तोच. त्यामुळे इथे कोडबरोबर झाकणाखालचा रंगाचा पट्टाही पाहा आणि गुलाबी रूप घ्या.

पीव्ही १९ ला जुन्या अलिझरिनची खोली नाही, हे खरं. ती हवी असेल तर पीआर १७९, म्हणजे पेरिलीन मरून, जोडीला घ्या. गुलाबी पीव्ही १९ मध्ये त्याची थोडी मात्रा मिसळली की अलिझरिनच्या फार जवळ जाणारा, पण टिकणारा गडद किरमिजी मिळतो. पीआर २६४ हा पायरोल घराण्यातला रंग एकटाच हे काम बऱ्यापैकी करतो. पीआर २०६ किंचित तपकिरीकडे झुकतो, कांद्याच्या सालीला आणि जुन्या विटांना छान लागतो. पीआर १७७ छटेनं अलिझरिनच्या अगदी जवळचा, पण पातळ थरात तो किती टिकतो याची चाचणी स्वतः करूनच वापरा.

ट्यूबवर एक छोटा चौकोनही असतो. रिकामा चौकोन म्हणजे पारदर्शक, तिरकी रेघ मारलेला किंवा अर्धा भरलेला म्हणजे अर्धपारदर्शक, पूर्ण काळा म्हणजे अपारदर्शक. रंग उजेडात टिकण्याची श्रेणी काही कंपन्या एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या रोमन आकड्यांत देतात. त्यात एक आणि दोन चांगले, तीनपासून पुढे सावध राहा. काही कंपन्या ब्लू वूल मापपट्टी वापरतात आणि तिथे उलट असतं, आठ सर्वोत्तम. सीरिजचा आकडा फक्त किमतीबद्दल सांगतो, त्यावरून दर्जा ठरवू नका. ‘ह्यू’ असं लिहिलेलं दिसलं तर तो मूळ पिगमेंटऐवजी दुसऱ्या पिगमेंटनं साधलेला रंग. तो वाईटच असेल असं नाही. अलिझरिनच्या बाबतीत तर तो मूळ रंगापेक्षा टिकाऊ असू शकतो. पुन्हा कोडच पाहायचा.

एका ट्यूबवर तीन कोड दिसले तर मी ती परत ठेवते. तीन पिगमेंटचा रंग आणखी दोन रंगांत मिसळला की मळकटपणा येतो. एकच पिगमेंट असलेली लहान ट्यूब घ्या. किरमिजीची रंगशक्ती जबरदस्त असते, थोडासा रंग खूप दिवस पुरतो.

घरच्या घरी चार चाचण्या

नवी ट्यूब आली की चित्रात वापरण्याआधी तिला एक संध्याकाळ द्या.

पहिली चाचणी पारदर्शकतेची. जलरंगाच्या कागदावर काळ्या वॉटरप्रूफ शाईची जाड रेघ मारा, पूर्ण वाळू द्या. तिच्यावरून किरमिजीचा मध्यम दाट पट्टा ओढा. वाळल्यावर कागद तिरका धरून उजेडात बघा. काळ्या रेघेवर रंगाचा दुधट पडदा दिसला तर रंग पुरता पारदर्शक नाही. रेघ आधी होती तितकीच काळी दिसली तर उत्तम.

दुसरी डाग धरण्याची. एक पट्टा रंगवा, रात्रभर वाळू द्या. सकाळी ओल्या ब्रशनं त्याचा अर्धा भाग हलके घासा आणि टिश्यूनं टिपा. क्विनाक्रिडोन रंग बहुतेक वेळा गुलाबी डाग मागे ठेवतात. हा दोष म्हणून नोंदवू नका. डाग धरणारा खालचा थर वरून दुसरा थर दिला तरी हलत नाही, आणि थरांवर थर चढवायला नेमकं हेच हवं असतं. त्याची किंमत अशी की चमकेची पांढरी जागा नंतर पुसून काढता येत नाही. ती आधीच राखावी लागते.

तिसरी चाचणी रंगाचा पल्ला बघायची. लांब पट्टीवर एका टोकाला ट्यूबमधला रंग जवळजवळ तसाच लावा आणि पाणी वाढवत वाढवत दुसऱ्या टोकापर्यंत जा. शेवटचा भाग कोकम सरबताइतका पातळ असू दे. वाळल्यावर दोन गोष्टी दिसतील. सगळाच पट्टा ओला होता त्याहून फिका झालेला असेल. आणि सगळ्यात दाट टोक निस्तेज किंवा तेलकट-तांबूस चमक आलेलं दिसेल. ही चमक गोंदाची आणि खच्चून भरलेल्या रंगाची. किरमिजीचा जीव पट्टीच्या मधल्या भागात असतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की जाड लावायची सवय आपोआप सुटते.

चौथी चाचणी उन्हाची, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची.

एका कागदाच्या पट्टीवर प्रत्येक किरमिजीचे दोन चौकोन रंगवा, एक मध्यम आणि एक अगदी पातळ. शेजारी पेन्सिलीनं कोड आणि तारीख लिहा. वाळल्यावर पट्टीचा अर्धा भाग उभा झाकला जाईल अशी जाड काळ्या पुठ्ठ्याची पट्टी क्लिपनं घट्ट लावा. उजेड फटीतून आत जाता कामा नये. मग ती खिडकीच्या काचेला आतून चिकटवा.

कोणत्या खिडकीला, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. युरोप-अमेरिकेतली पुस्तकं सर्रास दक्षिणेची खिडकी सांगतात, कारण तिथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच राहतो. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो थोडा उत्तरेकडेच झुकलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात आपल्या दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळपास येतच नाही. डिसेंबरात मात्र दुपारी तो क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो आणि दक्षिणेची खिडकी दिवसभर न्हाऊन निघते. म्हणून दसऱ्यानंतर चाचणी लावत असाल तर दक्षिणेची खिडकी, आणि होळीनंतर लावत असाल तर पश्चिमेची. पावसाळ्यात सुरू करू नका, ढगांमुळे निकाल लांबतो आणि दमट हवेनं कागदाला बुरशी येते.

तीन महिन्यांनी पुठ्ठा काढा. पीआर ८३ च्या पातळ चौकोनात झाकलेल्या आणि उघड्या भागांमधली सीमा रेघ ओढल्यासारखी स्पष्ट दिसते. एका बाजूला थंड किरमिजी, दुसऱ्या बाजूला फिकट, थकलेला गुलाबी. मध्यम चौकोनात फरक कमी असतो. पीव्ही १९ आणि पीआर १७९ च्या चौकोनांत सीमा शोधावी लागते. कोड नसलेल्या विद्यार्थी ट्यूबचा निकालही याच पट्टीवर कळतो. ही पट्टी फेकू नका, रंगपेटीत ठेवा. कोणी विकत घेतलेल्या चित्राबद्दल ‘रंग राहील ना?’ असं विचारलं तर ती दाखवता येते.

कागद, ब्रश, पाणी

इथे फार रेंगाळण्याची गरज नाही. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), शक्यतो पूर्ण कॉटनचा, मध्यम खरखरीत. कार्ट्रिज कागदावर दोन थरांनंतर पृष्ठभाग उठतो आणि किरमिजी ठिपक्याठिपक्यांनी आत शिरतो. महाग कागद परवडत नसेल तर एका मोठ्या तावाचे आठ तुकडे करा आणि लहान चित्रं काढा. स्वस्त कागदावर मोठं चित्र काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ब्रश आठ नंबरचा गोल आणि तीन नंबरचा गोल, टोक जुळून येणारे. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक धुवायला आणि एक स्वच्छ पाण्यासाठी, कारण ब्रशमध्ये राहिलेला थोडासा किरमिजी पुढच्या पिवळ्याला नारिंगी करून सोडतो. बोअरचं जड पाणी असेल तर पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा. ब्रशचं टोक तोंडात धरून जुळवायची सवय असेल तर ती सोडा.

थर कसा चढवायचा: डाळिंबाचा दाणा

पारदर्शक रंगात उजेड रंगातून आरपार जातो, कागदाच्या पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. दोनदा गाळून आल्यामुळे तो आतून पेटल्यासारखा दिसतो. हे समजून घ्यायला डाळिंबासारखा विषय नाही, कारण दाणासुद्धा उजेडाशी असाच वागतो. सटाणा-मालेगावकडचं गडद दाण्यांचं भगवा वाणाचं डाळिंब मिळालं तर उत्तम.

डाळिंब सुरीनं मधोमध कापू नका, दाणे फुटतात आणि रस सगळं एकसारखं लाल करून टाकतो. वरचा मुकुट काढा, सालीवर फाकींच्या रेषेत उभ्या चिरा द्या आणि हातानं उकला. एक फाक आणि चार-पाच सुटे दाणे पांढऱ्या बशीत ठेवा. बशी खिडकीजवळ अशी ठेवा की उजेड एकाच बाजूनं येईल. खोलीतला दिवा बंद.

आता रंग बाजूला ठेवून एक दाणा नीट बघा. समजा उजेड डावीकडून येतोय. डाव्या वरच्या कडेला चमकेचा छोटा पांढरा ठिपका आहे. साधारण आपण असं धरून चालतो की त्या ठिपक्याभोवती दाणा उजळ असेल आणि उजवीकडे काळोखा होत जाईल. चेंडूचं तसं होतं. दाण्याचं उलट होतं. चमकेच्या लगतचा भाग गडद असतो, आणि आत शिरलेला उजेड दाण्यातून जाऊन समोरच्या, म्हणजे उजव्या खालच्या बाजूला गोळा होतो. तिथे सगळ्यात तेजस्वी, किंचित नारिंगी झाक असलेला लाल दिसतो. मध्ये बीची धूसर फिकी आकृती. बशीवर पडलेल्या सावलीतही मधोमध लालसर उजेडाचा ठिपका असतो. हा क्रम ज्यानं पाहिला त्याचा दाणा ओला आणि रसदार दिसतो. ज्यानं पाहिला नाही त्याच्या कागदावर लाल खडे उमटतात.

एचबी पेन्सिलीनं हलकं रेखाटन करा. सुमारे पाच बाय सात इंचात बारा-पंधरा दाणे पुरेत, पण मोठे काढा, प्रत्येक नखाएवढा तरी. चमकेचे ठिपके बारीक रेषेनं आखून ठेवा. गडद रेघा खोडरबरानं आधीच फिक्या करा, किरमिजीचा थर वर बसला की पेन्सिल पुसता येत नाही.

पहिला थर पिवळा. उबदार पिवळा अगदी पातळ करून फक्त दाण्याच्या तेजस्वी बाजूला लावा आणि स्वच्छ ओल्या ब्रशनं त्याची आतली कड विरवा. पूर्ण वाळू द्या. वाळलं की नाही ते बोटानं दाबून पाहू नका, हाताची उलटी बाजू कागदाला टेकवा. गार लागलं तर आत ओल आहे, थांबा.

दुसरा थर किरमिजीचा, पातळ. चमकेचा ठिपका सोडून सगळा दाणा एका दमात रंगवा. पिवळ्यावरून जाताना ब्रश फिरवत बसू नका, एकदाच जा. ब्रशच्या टोकाशी रंगाचा थेंब जमतो, तो दाण्याच्या गडद बाजूकडे नेऊन सोडा, म्हणजे वाळताना रंग तिकडे थोडा जास्त बसेल. शेजारशेजारचे दाणे लगेच रंगवू नका, एक सोडून एक घ्या, नाहीतर एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो.

तिसऱ्या थराला रंग किंचित दाट, पण आता तेजस्वी बाजूला हात लावायचा नाही. चमकेच्या लगतचा भाग आणि कडा तेवढ्या घ्या. आतली कड पुन्हा ओल्या ब्रशनं विरवा. मधली बीची जागा थोडी फिकी राहू द्या. इथपर्यंत आलात की दाणा गोल व्हायला लागतो.

चौथ्या थरासाठी किरमिजीत थॅलो ग्रीन, म्हणजे पीजी ७, ब्रशच्या टोकाएवढाच मिसळा. गडद, जवळजवळ काळपट मरून तयार होईल. तीन नंबरच्या ब्रशनं तो फक्त दोन दाण्यांमधल्या फटींत आणि चमकेला लागून असलेल्या अगदी बारीक चंद्रकोरीत भरा. ट्यूबमधला काळा इथे वापरलात तर फटी भोकं पडल्यासारख्या मृत दिसतील. या मिश्रणात लाल शिल्लक राहतो, म्हणून सावलीलाही ऊब येते.

पाचवा थर लागेलच असं नाही. कागद दूर ठेवून बघा. काही दाणे फार सारखे वाटले तर त्यांतल्या दोन-तीन दाण्यांवर किरमिजीचा एक पातळ थर सबंध फिरवा, ते मागे सरकतील आणि बाकीचे पुढे येतील. सालीच्या आतल्या पांढऱ्या पडद्यांना फिकट राखाडी-पिवळा बस आहे. सावलीत तो लाल उजेडाचा ठिपका ओल्यावर ओला सोडा.

एका दाण्याला चार थर म्हणजे वेळ लागणारच. घाई असेल त्या दिवशी दुसरा विषय घ्या.

किरमिजीची मिश्रणं

मिश्रण करताना हलक्या रंगात किरमिजी टाकायचा, उलट नाही. पिवळ्याच्या डबक्यात किरमिजीचा एक टिपका पुरतो, किरमिजीत पिवळा ओतत बसलात तर अर्धी ट्यूब संपते. लेमन पिवळ्याबरोबर तो थोडा मवाळ, मातकट नारिंगी देतो, उबदार पिवळ्याबरोबर शेंदरी लाल. अल्ट्रामरीनबरोबर स्वच्छ जांभळे मिळतात, आणि काळी द्राक्षं त्यांतूनच निघतात. मण्यांवरचा पांढुरका थर नंतर पांढऱ्या रंगानं देऊ नका. आधी सबंध मण्यावर फिकट निळा वॉश द्या, वाळू द्या, मग किरमिजी-अल्ट्रामरीन त्याच्यावरून लावताना काही जागा मोकळ्या ठेवा. बोट लागून पुसला गेलेला भाग गडद, न पुसलेला निळसर. लासलगावच्या कांद्याला किरमिजी आणि बर्न्ट सिएना. साल सुटलेली जागा कोरड्या ब्रशनं.

पैठणीच्या धूपछाव पदराला मात्र रंग पॅलेटवर मिसळू नका. खाली एक रंग द्या, पुरता वाळू द्या आणि घडीच्या वळणावर तेवढा किरमिजीचा पातळ थर चढवा. वस्त्रातही ताण्याचा आणि बाण्याचा रंग वेगळाच असतो, डोळ्यात ते एकत्र येतात.

आणि काळा दगड. काळाराम मंदिर नाशिकजवळच्या रामशेज डोंगराच्या काळ्या दगडात बांधलेलं, पण सकाळच्या उन्हात त्याच्याकडे बघितलं तर निव्वळ काळं असं तिथे फार थोडं सापडतं. उन्हातल्या बाजूला उबदार राखाडी, सावलीत जांभळट, पावसाळ्यात ओल्या भागात हिरवट. किरमिजी आणि थॅलो ग्रीन मिसळून जो पारदर्शक काळा होतो, त्यात हे तीनही आहेत. किरमिजी थोडा जास्त घेतला तर ऊब, हिरवा जास्त घेतला तर शेवाळ, पाणी वाढवलं तर राखाडी. दोन्ही रंग पॅलेटवर पुरते घोटू नका. कागदावरच ओल्या वॉशमध्ये शेजारी सोडा, दगडाचा पोत आपोआप येतो. गोदाकाठ जलरंगात उतरवणाऱ्या शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे नाशिकला या माध्यमाची मोठी परंपरा लाभली आहे. सकाळी घाटावर किंवा पंचवटीत वही घेऊन बसलेली पोरं आजही दिसतात. त्यांना माझं एवढंच सांगणं: पेटीतला काळा महिनाभर घरी ठेवा.

नाशिकची हवा आणि हा रंग

एप्रिल-मे मध्ये वॉश ओढता ओढता वाळतो आणि पट्टे पडतात. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून गुळगुळीत फळीवर बसवा, पंखा बंद ठेवा, शक्य तर सकाळी नऊच्या आत काम करा. पॅलेटमधले वाळलेले रंग याच दिवसांत तडकतात. तडकलेल्या वडीवर ग्लिसरीनचा एकच थेंब आणि थोडं पाणी टाकून ती मऊ होऊ द्या. जास्त ग्लिसरीन घातलंत तर रंग पावसाळ्यात चिकट राहील.

जुलै-ऑगस्टमध्ये उलट त्रास. थर वाळत नाही, आपण घाईनं दुसरा चढवतो आणि ओल्या वॉशमध्ये पाणी शिरून फुलकोबीसारखे डाग उठतात. किरमिजीत ते फार ठळक दिसतात. दोन चित्रं एकदम सुरू करा, एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम. पॅलेट ओलं असताना झाकण लावू नका, बुरशी येते. थंडीचे महिने या रंगाला सगळ्यात चांगले: वॉश खेळवायला वेळ मिळतो आणि डाळिंबही बाजारात असतं.

चित्र पुरं झाल्यावर

टिकाऊ कोडचा रंग वापरला तरी चित्र थेट उन्हात टांगू नका. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. माउंट आणि मागचा बोर्ड आम्लमुक्त घ्या, साधा पुठ्ठा काही वर्षांत कागदाला पिवळ्या कडा देतो. अतिनील किरण अडवणारी काच परवडली तर बरंच, पण तिच्या भरवशावर पीआर ८३ वापरू नका. ती काच ऱ्हास लांबवते, थांबवत नाही.

प्लॅस्टिकच्या पॅलेटवर बसलेला गुलाबी डाग पांढऱ्या टूथपेस्टनं घासला की बराच निघतो. कपड्यावर पडला तर लगेच थंड पाण्याखाली धरा, गरम पाणी लावू नका.

फ्रेम करायला देण्याआधी चित्राच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं तारीख, कागदाचं नाव आणि वापरलेल्या सगळ्या रंगांचे कोड लिहा. बॉलपेन नको, त्याची शाई पुढच्या बाजूला उतरते.